व्हिएतनामला एकटीच निघाले आहे: पैसे किती, कुठल्या रूपात आणि कुठे ठेवू?

कृष्णाकाठ | ८ मार्च

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवते, वय ४७. मेच्या सुट्टीत व्हिएतनामला जायचं ठरवलंय, आणि एकटीनेच. याआधी एकदा दुबईला गेले होते, पण तेव्हा भाऊ-वहिनी सोबत होते. पैशाचं सगळं भावानेच पाहिलं, मी फक्त खरेदीच्या पिशव्या धरल्या. या वेळी सगळं माझ्या हातात आहे आणि म्हणूनच तुम्हाला विचारतेय.

१९ मेला हनोईत उतरायचं आणि ३० मेला हो ची मिन्ह सिटीहून परत. मधे हा लाँगला बोटीवर एक रात्र, निन्ह बिन्ह, मग रात्रीच्या ट्रेनने ह्युए, तिथून होई आन. एकूण हातात १,२५,००० रुपये आहेत. त्यापेक्षा एक रुपयाही जास्त काढायचा नाही असं स्वतःशी ठरवलंय.

माझा अंदाज असा: विमान जाऊन-येऊन ३१,०००. ई-व्हिसा २५ डॉलर, म्हणजे साधारण २,२००. विमा १,१००. हॉटेलच्या नऊ रात्री (एक रात्र बोटीत, एक ट्रेनमध्ये) रात्रीला साडेपाच लाख डोंगच्या (डोंग हे तिथलं चलन) हिशेबाने १६,५००. जेवणखाण १२,०००. आतला प्रवास, म्हणजे ट्रेन, दा नांगहून एक विमान आणि शहरातल्या टॅक्सी, १४,५००. हा लाँगची बोट १५,०००. तिकिटं आणि एक-दोन सहली ९,०००. सिमकार्ड ८००. भेटवस्तू ८,०००. बेरीज १,१०,१०० होते. उरतात १४,९००.

प्रश्न असे. डॉलर न्यावेत की फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड? रोख किती? डोंग इथूनच घ्यावेत का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, जो मला रात्री झोपू देत नाही: पाकीट गेलं तर मी काय करायचं?

कोथरूडकर | ८ मार्च

ताई, आधी अभिनंदन. डोंग इथून घेऊ नका. पुण्यात मिळाले तरी भाव फार वाईट लागतो, आणि उरलेले परत घ्यायला सहसा कुणी तयार नसतं. डॉलर न्या, तिकडे बदला.

मी स्वतः सिंगापूरला गेलो तेव्हा रोख जवळजवळ वापरलीच नाही, सगळं क्रेडिट कार्डावर. माझ्या मते रोखीचं ओझं कशाला?

रानवाटा | ८ मार्च

सिंगापूर आणि व्हिएतनाममध्ये फार फरक आहे. मी २०२३ मध्ये एकटी गेले होते. मोठी हॉटेलं आणि मॉल कार्ड घेतात, पण फो (नूडल्सचं सूप) विकणारी बाई, बाजारातली फळवाली, होई आनची शिंपीण, ट्रांग आनची नाव वल्हवणारी मावशी यांना रोखच द्यावी लागते. तिथले लोक आपसात क्यूआरने पैसे देतात, आपल्यासारखंच, पण ते तिथल्या बँकेच्या खात्यावर चालतं. आपल्या यूपीआयचा मला तेव्हा तिथे उपयोग नव्हता.

ताईंचा शेवटचा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. हनोईत माझ्यासोबत हे झालं: रविवारी रात्री साडेनऊला एटीएमने माझं कार्ड गिळलं. यंत्र बँकेच्या शाखेबाहेर नव्हतं, एका दुकानाच्या कोपऱ्यात होतं. फोन लावला तर पलीकडून व्हिएतनामी भाषेत रेकॉर्ड वाजत होतं. माझ्या पर्समध्ये तेव्हा २ लाख डोंग होते, साधारण ६६० रुपये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची बस. नवरा सोबत असता तर त्याच्या कार्डावर काढले असते, मैत्रीण असती तर तिच्याकडून घेतले असते. एकट्या माणसाला दुसरा खिसा नसतो. जोडीने जाणाऱ्यांना सहसा हे कळतच नाही, कारण त्यांचा दुसरा खिसा शेजारी चालत असतो.

त्या रात्री मला वाचवलं ते बॅगेच्या अस्तरात ठेवलेल्या १०० डॉलरच्या एका नोटेने. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं दोन वेगवेगळ्या जागी, आणि रोख तीन ठिकाणी. दिवसभराचे डोंग पर्समध्ये, निम्मे डॉलर कमरेच्या कापडी पट्ट्यात कपड्यांच्या आत, आणि एक मोठी नोट सामानात अशा जागी जिथे मीसुद्धा रोज हात घालत नाही. एटीएम वापरायचंच तर दिवसा, बँकेच्या शाखेला लागून असलेलं, शाखा उघडी असताना.

जुना रोखपाल | ९ मार्च

मी ३१ वर्षं बँकेत होतो, शेवटची नऊ परकीय चलन विभागात. रानवाटाताईंनी जे लिहिलंय ते अगदी खरं. त्याला नियमांची आणि भावाची जोड देतो.

आधी नियम. एका प्रवासाला परकीय चलनाच्या नोटा जास्तीत जास्त ३,००० डॉलरपर्यंत घेता येतात, बाकी कार्डावर. तुम्हाला त्याच्या जवळपासही जायचं नाही. मनी चेंजरकडे जाताना पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि व्हिसाची प्रत न्या. ५०,००० रुपयांपर्यंतच रोखीने पैसे देता येतात, त्यावर धनादेश किंवा खात्यातून. भारतीय नोटा २५,००० पर्यंत सोबत नेता-आणता येतात. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंत तुमच्याकडे कायम ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत परत द्यायचे.

आता भाव. काउंटरवर विचारलं की एकच आकडा सांगतात आणि तो बरोबर की चूक हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. जाण्याआधी मोबाइलवर त्या दिवसाचा आंतरबँक भाव, म्हणजे बँका आपसात ज्या भावाने चलन घेतात-देतात तो, बघून ठेवा. तो कुणालाच मिळत नाही, पण तो मोजपट्टी आहे. चांगला चेंजर त्याच्या वर ५० पैसे ते एक रुपया लावतो. दोन-तीन रुपये वर लावत असेल तर शांतपणे पुढच्या दुकानात जा. विमानतळावर फरक पाच रुपयांवर जातो, तिथे घ्यायची वेळ येऊ देऊ नका. आणि भाव विचारण्याऐवजी हे विचारा: "५०० डॉलर हातात पडेपर्यंत, जीएसटी आणि सेवाशुल्क धरून, मी एकूण किती रुपये द्यायचे?" हा प्रश्न विचारला की छुपं काही उरत नाही. जीएसटी फार नसतो. एक लाखाच्या आतल्या व्यवहारात रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, किमान ४५ रुपये.

कार्डांबद्दल. साध्या क्रेडिट वा डेबिट कार्डावर परदेशी व्यवहाराला बहुतेक बँका साडेतीन टक्के लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. १०,००० रुपयांच्या खर्चावर ४१३ रुपये. काही कार्डांवर हे शुल्क दोन टक्के किंवा शून्य असतं, तुमच्या कार्डाचं काय आहे ते बँकेच्या शुल्कपत्रकात बघा. फॉरेक्स कार्डाचा फायदा ज्या चलनात भराल त्याच चलनात खर्च केला तरच. येन, युरो, बाट भरता येतात. डोंग बहुतेक कार्डांवर नाही. डॉलर भरून डोंगमध्ये खर्च केला की अनेक कार्डं वर चलनबदलाचं शुल्क घेतात. म्हणजे रुपयातून डॉलरमध्ये जाताना एकदा आणि डॉलरमधून डोंगमध्ये जाताना पुन्हा एकदा, असे दोनदा पैसे कापले जातात. व्हिएतनामसाठी मी फॉरेक्स कार्ड सुचवणार नाही.

अजून एक. दुकानात यंत्र विचारेल, "रुपयांत की डोंगमध्ये?" नेहमी डोंग. रुपयांत म्हटलं की भाव दुकानदाराच्या बँकेचा लागतो आणि तो तुमच्या बँकेपेक्षा बहुतेक वेळा महाग असतो. कितीतरी जण आपला आकडा ओळखीचा दिसतो म्हणून रुपयांवर बोट ठेवतात.

तिखटमीठ | ९ मार्च

काका, एक शंका. माझ्या भाच्याला एजंटने सांगितलं की परदेशी जायचं तर २० टक्के कर आधीच भरावा लागतो. ताईंच्या सव्वा लाखात २५,००० करातच जातील का?

जुना रोखपाल | ९ मार्च

नाही. तो टीसीएस, म्हणजे चलन किंवा पॅकेज विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा कर. स्वतः प्रवासासाठी चलन घेत असाल तर एका आर्थिक वर्षात ठरावीक मर्यादेपर्यंत काहीच कापत नाहीत. ही मर्यादा ७ लाख होती, १ एप्रिल २०२५ पासून १० लाख झाली. २० टक्के लागतात ते त्यावरच्या रकमेवर. टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलं तर मात्र पहिल्या रुपयापासून कापतात, २०२५ मध्ये तो ५ टक्के होता. तोही खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. विवरणपत्र भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. ताईंनी सगळं सुटं सुटं आरक्षित केलंय, त्यांना काही लागणार नाही.

सायगॉनवासी | १० मार्च

मूळचा मिरजेचा, आता अकरा वर्षं हो ची मिन्ह सिटीत. आपल्या मातीतलं कुणीतरी एकटं इकडे येतंय हे वाचून फार बरं वाटलं.

हिशेब डोक्यात ठेवायची सोपी रीत: तीन शून्यं काढा, तीनने गुणा, वर दहावा भाग मिळवा. १,००,००० डोंग म्हणजे १००, तिप्पट ३००, अधिक ३०, म्हणजे सुमारे ३३० रुपये. इकडे बोलतानाही तीन शून्यं गाळतात. फळवाली "पन्नास" म्हणाली की ५०,००० समजायचं. दहा लाख डोंग म्हणजे सव्वातीन-साडेतीन हजार रुपये, एवढं पाठ झालं की आकड्यांची भीती जाते.

आता नोटा. नाणी इथे चलनात राहिलेली नाहीत. दहा हजारापासून पाच लाखापर्यंतच्या नोटा प्लास्टिकच्या आहेत, पारदर्शक खिडकीच्या, आणि सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा. त्यात २०,००० ची निळी आणि ५,००,००० चीही निळसर. एक ६६ रुपयांची, दुसरी साडेसोळाशेची. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली गल्लत होते, इथल्यांचीही होते. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यातच ठेवा, सुट्ट्यांत मिसळू नका.

डॉलर आणताना १०० आणि ५० च्या नोटा आणा, लहान नोटांना भाव कमी मिळतो. नोट कोरी हवी. पेनाची खूण, शिक्का, घडीवर चीर असं काही असलं की एकतर नाकारतात किंवा भाव पाडतात. पुण्यातल्या काउंटरवर एकेक नोट उजेडात धरून बघा, लाजू नका.

बदलायचं कुठे? हनोईच्या नोई बाई विमानतळावरच्या बँकांच्या खिडक्यांवर भाव वाईट नसतो, पहिले ५० डॉलर तिथेच बदला म्हणजे बस-टॅक्सीची सोय होईल. ८६ नंबरची नारिंगी बस जुन्या शहरात जाते, ४५,००० डोंग. बाकीचे बँकेत किंवा परवाना असलेल्या काउंटरवर. हनोईच्या हा त्रुंग गल्लीत सोनारांच्या दुकानांत चलन बदलतात हे तुम्ही वाचाल. भाव चांगला असतो, पण कायद्याने परवाना असलेल्या दुकानातच बदलता येतं. २०१८ साली कान थो शहरात एका माणसाने सोनाराकडे १०० डॉलर बदलले म्हणून त्याला ९ कोटी डोंग दंड झाला होता. तुम्ही एकट्या आहात, कशाला त्या भानगडीत पडायचं? आणि पावती जपून ठेवा, परतताना डोंगचे डॉलर करायचे तर ती मागतात.

शाकाहारी असाल तर एकच शब्द लक्षात ठेवा: "चाय". आपला चहा नव्हे, इथे चाय म्हणजे शाकाहारी. जिथे ही पाटी दिसेल तिथे ४०-५० हजार डोंगमध्ये पोटभर जेवण. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी खूप लोक मांस खात नाहीत, तेव्हा साध्या टपऱ्यांवरही चाय मिळतं. तुमच्या दिवसांत २७ मेला पहिला दिवस येतो.

मांडवीकाठ | १० मार्च

हा लाँगच्या १५,००० बद्दल बोलायचं होतं. दोघांत एक केबिन धरून भाव लावलेले असतात, एकट्याला अधिभार पडतो. बोटवाल्यांना कळवून बघा की दुसरी एखादी एकटी बाई असेल तर केबिन वाटून घ्यायला तयार आहे. माझ्या बहिणीचे असे साडेपाच हजार वाचले. नाहीतर हनोईहून एका दिवसाची सहल असते, साधारण चार हजारांत.

कृष्णाकाठ | ११ मार्च

मांडवीकाठ, वाटून घ्यायचं विचारते, पण रात्र बोटीवरच काढायची आहे. शाळेत भूगोल शिकवताना चुनखडीच्या डोंगरांचा धडा आला की मी फळ्यावर हा लाँग काढते. २२ वर्षं फळ्यावर काढतेय. तिथे पहाट बघायची आहे, त्यासाठी दुसरीकडे काटछाट करेन.

रानवाटा, तुमचं "दुसरा खिसा" वाचून आजी आठवली. पंढरपूरच्या वारीला जाताना ती चंचीत थोडी चिल्लर ठेवायची, कनवटीला दहाच्या नोटा, आणि एक नोट चोळीच्या काठात टाचलेली असायची. वारीत माणसं कितीही असली तरी पैशाच्या बाबतीत आपण एकटेच, असं ती म्हणायची. मी तेव्हा लहान होते, हसायचे.

शंका: मोबाइलवर ओटीपी येईल का तिकडे?

रानवाटा | ११ मार्च

आपलं सिम काढून ठेवू नका, एसएमएस घेण्यापुरतं रोमिंग चालू ठेवा, मोबाइल डेटा मात्र बंद. तिथलं सिम दुसऱ्या खाचेत. टॅक्सी बोलवायचं ग्रॅबचं ॲप, त्यात कार्ड जोडणं, हे सगळं साताऱ्यात घरी बसून करा. तिकडे पहाटे विमानतळावर ओटीपीची वाट बघत बसू नका. कार्ड जोडलं गेलं नाही तरी ग्रॅबला रोख चालते.

आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोन्ही कार्डांचा परदेशी वापर चालू करा. नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच सुरू करून देतात, २०२० पासूनचा नियम आहे. मर्यादाही तिथेच ठरवता येते. मी एटीएमची रोजची मर्यादा १५,००० ठेवते. कार्ड गेलंच तर नुकसान तेवढ्यावर थांबतं.

जुना रोखपाल | ११ मार्च

ताई, तुमच्या अंदाजाबद्दल एक सांगायचं राहिलं. उरलेले १४,९०० तुम्ही "उरतात" असं लिहिलंय. ते उरलेले नाहीत, ते अंदाजपत्रकातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम आहे. त्याला नाव द्या आणि वेगळ्या खात्यात ठेवा, ज्याचं कार्ड तुमच्या दुसऱ्या खिशात असेल. एकट्याने जाताना हातचं राखायचं ते एकूण रकमेच्या दहावा भाग तरी असावं, असं माझं मत. विम्याच्या कागदात वजावटीची रक्कमही वाचा. पहिले अमुक डॉलर तुमचे, त्यावरचं विमा देणार, असं असतं. म्हणजे छोटं दुखणं खिशातूनच जातं.

कृष्णाकाठ | १७ मे

निघायला दोन दिवस राहिले, म्हणून काय ठरलं ते सांगते.

साताऱ्यातल्या बँकेने चलन मागवायला वेळ लागेल म्हटलं, म्हणून गेल्या शनिवारी पुण्याला गेले. पहिल्या दुकानात भाव ८७.९० सांगितला. आंतरबँक साडेपंच्याऐंशीच्या आसपास होता. काकांनी सांगितलेला प्रश्न विचारला, तेव्हा आकड्यात एक "प्रक्रिया शुल्क" निघालं. नमस्कार करून बाहेर पडले. तिसऱ्या दुकानात ८६.४० ने मिळाले: ५०० डॉलर, ४३,२०० रुपये आणि जीएसटी ७८. चार नोटा शंभराच्या, दोन पन्नासच्या. एका शंभराच्या नोटेवर कोपऱ्यात निळ्या शाईचा शिक्का होता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "चालते मॅडम." मी म्हटलं, मला दुसरी द्या. त्याने काही न बोलता बदलून दिली. एवढं म्हणायला मला ४७ वर्षं लागली.

दोन कार्डं, एक पर्समध्ये, एक मोठ्या बॅगेत मोज्यांच्या जोडीत. कमरेचा पट्टा सुती मांजरपाटाचा घरीच शिवलाय. बोटवाल्यांनी केबिन वाटायला कुणी नाही असं कळवलं, तेव्हा पूर्ण पैसे भरले.

कृष्णाकाठ | ५ जून

आले. हात-पाय, पासपोर्ट, पैसे, सगळं घेऊन आले. तुम्हा सगळ्यांना हिशेब देणं लागते.

एकूण खर्च १,१७,४००. अंदाजापेक्षा ७,३०० जास्त, आणि ते सगळे काकांच्या "महत्त्वाच्या कलमातून" गेले. सांगते कुठे.

हनोई, हा लाँग, निन्ह बिन्ह अगदी नीट पार पडलं. जेवणावर अंदाजापेक्षा २,४०० कमी लागले, सायगॉनवासींच्या "चाय"मुळे. पण ह्युएला २५ तारखेच्या रात्री पोट बिघडलं. दोन वाजेपर्यंत उलट्या. हॉटेलच्या मुलीने ग्रॅब बोलावून दिली, दवाखान्यात कागद भरण्याआधी अनामत मागितली, आणि पर्समधलं कार्ड त्यांच्या यंत्राने दोनदा नाकारलं. दुसरं कार्ड हॉटेलात मोज्यांत होतं. पर्समध्ये डोंग पुरेसे नव्हते. मी खुर्चीवर बसल्या बसल्या कुर्त्याखाली हात घालून पट्टा सोडला आणि शंभराची नोट काढली. खिडकीवरच्या बाईने ती ठेवून घेतली आणि सकाळी मी डोंग बदलून आणल्यावर परत दिली. सलाइन, औषधं मिळून १२ लाख डोंग, ४,००० रुपये. विम्याची वजावट त्याहून जास्त, म्हणजे दावा करण्यात अर्थ नव्हता. त्या रात्री अंगात ताप होता, भाषा येत नव्हती, पण "आता पैशाचं काय" हा एक प्रश्न तरी डोक्यात नव्हता.

एक दिवस ह्युएलाच पडून राहिले, होई आनच्या हॉटेलची ती रात्र बुडाली, १,८००. अंगात त्राण नव्हतं म्हणून ट्रेनऐवजी हाय व्हान घाटातून गाडी केली. चौघांची गाडी, मी एकटी, म्हणून ३,३०० जास्त. भेटवस्तूंवर ६०० वर गेले.

सायगॉनवासी, तुमची निळी नोट. २७ तारखेला अमावास्या होती, होई आनमध्ये संध्याकाळी घराघरांपुढे छोट्या टेबलांवर फळं, फुलं, उदबत्त्या मांडल्या होत्या. नदीकाठी एका म्हातारीकडून आंबे घेतले, २०,००० डोंगचे. वर लाल-पिवळे कंदील, त्या उजेडात सगळ्याच नोटा तपकिरी दिसत होत्या. मी नोट दिली. तिने ती दोन्ही हातांनी ताणून कंदिलाखाली धरली, मान हलवली, माझी मूठ उघडून नोट परत आत ठेवली आणि वरून बोटं मिटवली. मग माझ्या पाकिटात तर्जनी घालून दुसरी निळी नोट वर सरकवली आणि माझ्याकडे बघत राहिली, मी ती स्वतः काढून द्यावी म्हणून. मी आधी पाच लाख दिले होते. ह्युएला डोंग बदलून आणले तेव्हा अशक्तपणात वेगळा कप्पा करायचा राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी 'मी सोन' नावाच्या ठिकाणी गेले. १,५०,००० डोंग तिकीट. जंगलात विटांची शिवमंदिरं, चौथ्या शतकापासून चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली. दगडावर संस्कृत लेख आहे, एक शाळुंका उघड्यावर आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथल्या काही मंदिरांची डागडुजी केली आहे, तशी पाटी वाचली तेव्हा छाती भरून आली. घाम पुसत त्या शाळुंकेजवळ अर्धा तास बसले. त्या अर्ध्या तासासाठी सव्वा लाख परत साठवेन.

रानवाटा | ५ जून

दवाखान्यातलं वाचताना अंगावर काटा आला. ताई, बऱ्या आहात ना आता? दुसरं कार्ड हॉटेलात ठेवण्याबद्दल मला एक सुधारणा सुचतेय. रात्री-अपरात्री बाहेर पडावं लागलं तर ते सोबत घ्यायचं, अगदी पासपोर्टसारखं. हे मीही लिहायला हवं होतं.

सायगॉनवासी | ६ जून

ती आजी नेमकी कुठे बसते ते सांगता येईल का? पुढच्या महिन्यात होई आनला जातोय, आंबे तिच्याकडूनच घेईन.

कृष्णाकाठ | ६ जून

आता ठणठणीत आहे. रानवाटा, पटलं, पुढच्या वेळी दुसरं कार्ड पट्ट्यातच.

सायगॉनवासी, जपानी पुलाकडून नदीच्या काठाने बाजाराकडे चालत या, डाव्या हाताला वडासारखं मोठं झाड आहे, त्याखाली. डोक्यावर हिरव्या नाडीची शंकूची टोपी.

कोथरूडकर | ६ जून

शेवटी परत काय आणलंत ताई?

कृष्णाकाठ | ७ जून

पन्नास डॉलरची एक नोट आणि ४,२०,००० डोंग, म्हणजे १,४०० रुपयांचे. बाकी १,९३० खात्यातच राहिले. डॉलर ठेवून देणार आहे, काका म्हणाले तशी परवानगी आहेच. डोंगपैकी एक २०,००० ची आणि एक १०,००० ची नोट वर्गात दाखवायला ठेवली आहे.

कमरेचा पट्टा धुऊन वाळत घातलाय. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई दिवाळीत श्रीलंकेला एकट्या जायचं म्हणतायत, त्यांनी तो मागून ठेवलाय. तिथे आपलं यूपीआय चालतं असं कळलं. कुणी प्रत्यक्ष वापरलंय का? छोट्या दुकानांत, बसस्थानकाजवळ वगैरे घेतात की फक्त मोठ्या ठिकाणी?